कडी मोबाईलला लावा, बोलण्याला नको

शेतीसाठी फवारणीचे औषध आणले की जाणता माणूस ते मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवतो. रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये, हेही बहुतेक घरांत आता ठाऊक झाले आहे. मोबाईलच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाईल मुलांच्या हाती आला. पुढे शाळा सुरू झाल्या, पण मोबाईल काही सुटला नाही. 'डॉक्टर, पोराच्या मोबाईलवरचे नको ते बंद कसे करायचे?' हा प्रश्न हल्ली सर्दी-खोकल्याच्या औषधाबरोबरच विचारला जातो. प्रश्न यंत्राचा वाटला तरी तो मुलांच्या आरोग्याचाही आहे. म्हणून आज त्याचा विचार करू.

हे मुलांपर्यंत येते कसे?

'आमचा मुलगा तसा नाही,' असे अनेक पालक सांगतात. पण लहान मूल अश्लील चित्रे शोधायला जातेच असे नाही. फुकटचा खेळ किंवा सिनेमा उतरवताना जाहिरात उघडते, एखादा शब्द चुकीचा टाइप होतो, मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात व्हिडिओ येऊन पडतो, किंवा मोठा भाऊ गंमत म्हणून दाखवतो. यात मुलाच्या संस्कारांचा दोष नसतो. समोर दिसते त्याचा अर्थ लावण्याइतकी त्याच्या मनाची वाढ झालेली नसते. काही मुले घाबरतात, काहींना किळस येते, काहींना उत्सुकता वाटते आणि त्या उत्सुकतेचीच लाज वाटते. बहुतेक मुले हे घरी सांगत नाहीत.

शरीर काय सांगते?

मनात दडपलेली गोष्ट पुष्कळदा शरीरातून बाहेर पडते. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाला वारंवार पोट दुखते म्हणून दवाखान्यात आणले होते. तपासण्यांत काही निघाले नाही. आईच्या संमतीने त्याच्याशी थोडे निवांत बोलल्यावर कळले, की नात्यातल्या एका मोठ्या मुलाच्या मोबाईलवर त्याने काही पाहिले होते आणि डोळे मिटले की तेच समोर येत होते. घरी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "बाबा मारतील आणि मोबाईल काढून घेतील." आईवडिलांनी त्याला न रागावता जवळ घेतले. पुढच्या काही आठवड्यांत पोटदुखी थांबली.

प्रत्येक पोटदुखीमागे मोबाईल असतो असा याचा अर्थ नाही. आधी शारीरिक तपासणी झालीच पाहिजे. पण झोप उडणे, दचकून उठणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे, कोणी जवळ येताच मोबाईल उलटा ठेवणे, वयाला न शोभणारे शब्द अचानक तोंडी येणे, असे बदल दिसले तर त्याची चौकशी प्रेमाने करावी.

कडी कशी लावावी?

१) मुलाचे खाते वेगळे करा. अँड्रॉइड मोबाईलवर गूगलचे 'फॅमिली लिंक' हे अॅप मोफत मिळते. तेरा वर्षांखालील मुलाचे खाते पालकांनी आपल्या खात्याशी जोडून काढावे आणि मुलाच्या मोबाईलवर तेच वापरावे. आपल्या मोबाईलवरून क्रोमसाठी दोन प्रकारचे बंधन घालता येते : अश्लील साइट शक्यतो रोखणे, किंवा आपण मंजूर केलेल्याच साइट उघडू देणे. लहान मुलांसाठी दुसरा प्रकार अधिक सुरक्षित आहे. हे बंधन क्रोमपुरतेच असते, म्हणून मुलाच्या मोबाईलवर दुसरा ब्राउझर ठेवू नये. नवे अॅप आपल्या मंजुरीशिवाय उतरणार नाही, अशी सोयही यातच आहे.

२) आयफोन असल्यास सेटिंगमधील 'स्क्रीन टाइम' या भागात प्रौढांच्या साइट रोखण्याची सोय आहे. तिला वेगळा पासकोड ठेवावा.

३) गूगलच्या शोधात 'सेफ सर्च' आणि यूट्यूबमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' चालू करावा. अगदी लहानांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळे अॅप वापरावे.

४) अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून पुढच्या मोबाईलमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची जागा असते. तिथे फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम हा पत्ता इंग्रजी अक्षरांत भरला, की अनेक अश्लील आणि घातक साइट उघडतच नाहीत. मोबाईल डेटा आणि वायफाय, दोन्हींवर हे चालते. घरी वायफायचा राउटर असल्यास त्याच्या डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरून घ्यावेत. जमत नसेल तर ओळखीच्या जाणकाराची मदत घ्यावी, पण पिन मात्र स्वतःच टाकावा.

५) आपल्याकडे पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो आणि तो वडिलांचा. अशा वेळी मुलाला अभ्यासाचे अॅप उघडून देऊन 'अॅप पिनिंग' करावे, म्हणजे पिनशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. व्हॉट्सअॅपमध्ये व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करावे आणि अनोळखी माणसाला आपल्याला गटात घालता येणार नाही अशी सेटिंग ठेवावी. मोठ्यांनीही आपल्या मोबाईलमध्ये काय साठवले आहे ते एकदा पाहावे.

६) रात्री सगळ्यांचे मोबाईल एकाच खोलीत चार्जिंगला लावावेत. सगळ्यांचे म्हणजे आईवडिलांचेही. याने झोपही सुधारते.

कडीने सगळे भागत नाही

दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्यास कंपन्यांना सांगितले होते. तरी असा मजकूर संपला नाही, कारण बंद झालेली साइट दुसऱ्या नावाने उघडते आणि 'व्हीपीएन' वापरून बंदी ओलांडताही येते. सरकारी बंदीला जी मर्यादा आहे तीच घरच्या कडीलाही आहे. व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ ती अडवत नाही. शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर तर तिचा काहीच इलाज नाही.

मच्छरदाणी लावली म्हणजे डास नाहीसे होत नाहीत, पण चावे कमी होतात. ही कडीही तशीच आहे. लावलीच पाहिजे, पण ती लावून निर्धास्त होऊ नये. लपूनछपून लावली तर मुलाला ती पहारेकऱ्यासारखी वाटते आणि ती चुकवण्याची ईर्षा निर्माण होते. म्हणून लावताना मुलाला समोर बसवावे. "रस्त्यावर गाड्या असतात म्हणून तुझा हात धरतो ना, तसेच हे आहे. कधी काही विचित्र दिसले तर मोबाईल उलटा ठेव आणि मला सांग. मी रागावणार नाही, मोबाईलही काढून घेणार नाही," असे सांगावे. हा शब्द पुढे पाळावा. एकदा मोडला तर मूल पुन्हा सांगायला येणार नाही.

मूल मोठे होईल तशी कडी सैल करावी. सात-आठ वर्षांच्या मुलाला मंजूर साइटच पुरतात. तेरा-चौदाव्या वर्षी शरीरातील बदलांविषयी प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्यांची उत्तरे आईवडील, शिक्षक किंवा डॉक्टर यांच्याकडून मिळाली नाहीत, तर मुले ती मोबाईलमध्ये शोधतात. पडद्यावर दाखवतात ते ठरवून चित्रित केलेले असते, खरे नाते त्यात नसते, हे या वयात स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. मुलींशी आईने आणि मुलांशी वडिलांनीच बोलावे असे नाही. ज्याच्याशी मूल मोकळे असेल त्याने बोलावे.

पाहिल्याचे कळले तर?

मारू नये, चारचौघांत लाज काढू नये. 'तू काय पाहिलेस?' यापेक्षा 'तुला कसे वाटले?' हे आधी विचारावे. कोणी मोठ्या माणसाने लैंगिक हेतूने मुलाला अश्लील चित्र दाखवले असेल, तर तो २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. तो माणूस नात्यातला असला तरी प्रकरण झाकू नये.

कोणी मुलाचा किंवा मुलीचा फोटो मिळवून धमकी देत असेल तर पैसे देऊ नयेत. धमकीचे संदेश आणि नंबर जपून ठेवून पोलिसांकडे जावे. लहान मुलांची अश्लील चित्रे 'पाहा, काय चालले आहे' म्हणूनही पुढे पाठवू नयेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार ती पाठवणे आणि उतरवून घेणे गुन्हा आहे.

संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मुलांविषयीच्या अशा गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. भीती, निद्रानाश, उदासपणा दोन-तीन आठवड्यांत कमी झाला नाही तर डॉक्टरांना दाखवावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला घ्यावा. 'मेल्यास बरे होईल' असे मूल एकदा जरी म्हणाले, तर मात्र त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

थोडक्यात, या रविवारी अर्धा तास काढावा. मुलाला शेजारी घेऊन त्याच्या मोबाईलच्या सेटिंग लावाव्यात आणि तेवढ्याच वेळात त्याला पडलेले प्रश्नही ऐकून घ्यावेत.