संगणकाच्या पडद्याचें चित्र

शिष्यवृत्तीचा अर्ज भरल्यावर पडद्यावर उमटलेला अर्जक्रमांक टिपण्यासाठीं आमच्या एका विद्यार्थ्यानें ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ दाबली व तो निश्चिंत झाला. पुढें चित्र कोठेंच सांपडेना! विंडोज १० पर्यंतच्या संगणकांवर या कळीनें चित्र केवळ तात्पुरत्या स्मृतींत राहतें. ‘पेंट’मध्यें चिकटवून जतन करण्यापूर्वीं दुसरें कांहीं ‘कॉपी’ केलें कीं तें गेलेंच. मात्र विंडोजची कळ दाबून धरून हीच कळ दाबल्यास चित्र ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या कप्प्यांत आपोआप सांठतें. पान मिटण्यापूर्वीं तेथें पाहून खात्री करावी. विंडोज, शिफ्ट व एस या तीन कळांनीं हवा तेवढाच भाग घेतां येतो; आधार क्रमांक वगळण्यास हीच रीत बरी. मॅकवर कमांड, शिफ्ट व ३ दाबतांच चित्र ‘डेस्कटॉप’वर येऊन पडतें.