फटफटीचे नाक

धुळीच्या रस्त्याने एस.टी. गेली की आपण काय करतो? पदर नाहीतर उपरण्याचे टोक नाकाला लावतो. फटफटीला पदर नाही, उपरणे नाही. पण श्वास तिलाही घ्यावा लागतो. आणि तो थोडाथोडका नव्हे! १ लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. २०० लिटरचे मोठे पिंप तुम्ही पाहिले असेल. तशी ४५ पिंपे भरतील एवढी हवा. तिच्याबरोबर धूळ किती जात असेल?

काही मोटारसायकली डांबरी रस्त्यासाठी नसतातच. त्या उंच असतात, हलक्या असतात. टायरांना मोठमोठे खाचे असतात. माळरान, वाळू, चिखल ही त्यांची वाट. त्यांच्या शर्यतीही होतात. त्यांतली डाकारची शर्यत फार अवघड मानतात. १९७८ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा पॅरिसहून निघाली आणि आफ्रिकेतल्या डाकार शहरी पोचली. पुढे काही वर्षे ती दक्षिण अमेरिकेत होत असे. तिथे २०१५ साली सी. एस. संतोष यांनी ती पुरी केली. मोटारसायकलवर ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. २०२० पासून ही शर्यत सौदी अरबस्तानच्या वाळवंटात होते.

वाळवंटातली वाळू असो की आपल्या पाणंदीचा फुफाटा, इंजिनाला दोन्ही वाईट. धूळ म्हणजे दगडाचा चुरा. तिच्यात गारेचे कण असतात. गार लोखंडाहून कठीण. हे कण सिलिंडरात शिरतात, तिथल्या तेलात कालवले जातात. मग पिस्टन खालीवर होताना जणू पाट्यावर वाटण चालते! रिंगा झिजतात, सिलिंडर झिजते. गाडी निळा धूर मारू लागते. इंजिन ऑइल खाते. चढावर दम सोडते. शेवटी इंजिन खोलून बोअर करावे लागते. हा खर्च लहान नाही.

म्हणून हवेच्या वाटेवर एक फोमची टोपी बसवतात. तिला एअर फिल्टर म्हणतात. हे गाडीचे नाक.

आता मुख्य गोष्ट नीट ऐका. पुष्कळांना वाटते, फोम म्हणजे चाळण. तसे नाही. फोमची भोके बारीक धुळीपेक्षा मोठी असतात. कोरड्या फोममधून ती धूळ सरळ आत जाते. मग तिला धरतो कोण? तेल! आपले नाक आतून ओले असते, म्हणून त्यात धूळ चिकटते. फोमला तेल लावतात ते याचसाठी. फोम अगदी स्वच्छ धुतला आणि तेल न लावता बसवला, तर गाडी दिसायला साफ, पण नाक उघडे.

कोणी म्हणेल, “धुवायचं कशाला? पंक्चरवाल्याकडं जाऊन हवा मारली की झालं!” नाही हो. तेलात बसलेला गाळ हवेने निघत नाही. उलट जोराच्या हवेने फोम फाटतो.

धुण्याची रीत अशी. फिल्टर काढला की आधी हवेच्या वाटेवर स्वच्छ फडके ठेवा. एक खडा आत गेला तर सगळे मुसळ केरात. त्या वाटेत आतून पांढरे कापड फिरवून बघा. कापडाला धूळ लागली, तर फिल्टर नीट बसत नव्हता किंवा कुठे फाटला आहे.

फोम धुण्याचे खास औषध दुकानात मिळते. ते नसेल तर रॉकेल घ्या. चूल, दिवा, बिडी यांपासून लांब, उघड्यावर बसा. पेट्रोल मात्र नको. ते भडकते, आणि फोमचे जोड ज्या डिंकाने चिकटवलेले असतात तो डिंकही सोडवते. फोम रॉकेलात बुडवून तळहातांत दाबा. दाबा म्हटले, पिळा म्हटले नाही! धोतरासारखा पिळला तर जोड उसवतो. मग साबणाच्या पाण्यात तसाच दाबून काढा. पाणी आतल्या अंगाने घाला, म्हणजे घाण बाहेरच्या बाजूला जाईल. सावलीत पूर्ण वाळू द्या. घाण झालेले रॉकेल आडात किंवा ओढ्यात ओतू नका. गॅरेजवाले जळके तेल साठवतात, तिथे नेऊन द्या.

फोम वाळल्यावर तेल. फिल्टरसाठी चिकट तेल वेगळे मिळते. पुष्कळदा ते निळे किंवा लाल असते. रंगामुळे कोरडा राहिलेला कोपरा लगेच दिसतो. ते सगळीकडे चोळा, मग दाबून जास्तीचे काढा. तेल ठिबकत राहिले तर हवा अडते आणि गाडी गुदमरते. खोबरेल किंवा इंजिनातून काढलेले काळे तेल लावू नये. तेल लावून थोडा वेळ थांबा, ते घट्ट होऊ द्या. टोपीच्या काठाला ग्रीसचे बोट फिरवा आणि फिल्टर बसवा. काठाशी फट राहिली तर सगळी मेहनत फुकट.

एक सावधगिरी. रोजच्या वापरातल्या पुष्कळ गाड्यांत आता कागदाचा फिल्टर असतो. तो धुवायचा नसतो, त्याला तेल लावायचे नसते. तो बदलायचा. आपला कोणता, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असते. ते पुस्तक बहुधा पेटीत तसेच पडलेले असते. आता अक्षर लागते, तर काढून बघा. फोम असेल तर कोणते तेल लावावे, हेही त्यातच सापडेल.

किती दिवसांनी धुवावे? धुळीत गाडी फिरवणारे शर्यतवाले दर फेरीनंतर धुतात. काहीजण फिल्टरवर पातळ जाळीचे टोपडे चढवतात आणि ते मळले की वरच्यावर ओढून काढतात. तेल लावलेला एखादा फिल्टर पिशवीत बांधून ते जवळही ठेवतात, म्हणजे पहिला वाळेपर्यंत गाडी अडून राहत नाही.