निकालाच्या दिवशी साइट बसते, दोष वर्डप्रेसचा?

प्रश्न : आमच्या जिल्हा दैनिकाच्या संकेतस्थळावर निवडणूक निकालाच्या दिवशी वाचकांची झुंबड उडते आणि साइट बसते. आता नवी कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम घ्यायची आहे. वर्डप्रेस गर्दी पेलत नाही म्हणतात. स्वतःचीच बनवून घ्यावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घाबरू नका, आणि स्वतःची बनवण्याच्या फंदात पडू नका, बनवणारा सोडून गेला की दुरुस्तीला कोणी उरत नाही. प्रत्येक वाचकासाठी डेटाबेस उघडून पान नव्याने रचलं, तर कोणतीही सिस्टिम कोसळेल. म्हणून तयार पान कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवा, सीडीएनमार्फत, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरच्या जाळ्यातून, पोहोचवा. निकालाचं पान दर 30 सेकंदांनी ताजं केलं, तरी हजारो वाचकांमागे मूळ सर्व्हरला मोजक्याच वेळा राबावं लागतं. एवढी व्यवस्था असेल तर वर्डप्रेस तुम्हाला पुरेल. संपादकीय अधिकारांची उतरंड फार गुंतागुंतीची असेल तर ड्रुपल ही दुसरी तयार सिस्टिम पाहा. प्लगइन मोजकीच ठेवा.

खरी जोखीम जुन्या साइटवरून नव्या सिस्टिमवर स्थलांतर करण्यात आहे. जुन्या बातम्यांचे पत्ते बदलणार असतील तर 301 रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवणं) हवेतच, नाहीतर गूगलवरून आलेल्या वाचकाला बातमी सापडणारच नाही. जुना मजकूर श्रीलिपीच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये आणल्यावर जोडाक्षरं माणसाकडून तपासून घ्या. आणि हे सारं निवडणुकीच्या तोंडावर करू नका.