गेटवर वॉचमन आहे, मग खोलीला कडी कशाला?



होस्टेलच्या गेटवर वॉचमन असतो, तरी रात्री आपण खोलीला आतून कडी लावतोच. कारण गेटच्या आत आलेला प्रत्येक जण आपला मित्रच असेल असं नाही. नेटवर्कचंही तसंच. इंटरनेटच्या जोडणीवर बसवलेली फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन आणि प्रत्येक पीसीवर चालणारी होस्ट-बेस्ड फायरवॉल म्हणजे खोलीची कडी.

कडी नसली तर काय होतं ते ऑगस्ट २००३ मध्ये दिसलं. 'ब्लास्टर' हा वर्म विंडोजच्या १३५ नंबरच्या पोर्टमधून शिरायचा. एखादा लागण झालेला लॅपटॉप आत आला की वॉचमनचा उपयोग संपला. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. तरीही १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' ४४५ नंबरच्या पोर्टमधून पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतली कामं खोळंबली. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण अनेकांनी तो टाकलाच नव्हता.

आता माझी फजिती सांगतो. आमच्या लॅबमधल्या ६० पीसींवर फायरवॉल चालू करायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. ग्रुप पॉलिसीत एकदा नियम लिहिला की डोमेनमधल्या सगळ्या पीसींवर तो लागू होतो. बाहेर जाणारं चालू, आत येणारं सगळं बंद, असा नियम मी शनिवारी संध्याकाळी लावला आणि खुशीत मेसमध्ये गेलो.

सोमवारी शेवटचं प्रॅक्टिकल. सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर एकाही पीसीवर उघडेना! कोपऱ्यात मॉनिटर नसलेला एक जुना पीसी होता. सगळ्यांना लायसन्स तोच द्यायचा आणि त्याचंच दार मी बंद केलं होतं. "अरे, बंद कर ना ती फायरवॉल!" मागून कुणीतरी ओरडलं. मी पॉलिसी काढली, सगळे पीसी रीस्टार्ट केले आणि प्रॅक्टिकल पार पडलं.

खरी चूक मात्र पुढेच झाली. 'तात्पुरती' बंद केलेली फायरवॉल तीन आठवडे बंदच राहिली, कारण तक्रार करायला कुणी आलंच नाही. दार उघडं असल्याची तक्रार कोण करतो?

दुसऱ्यांदा मात्र असं केलं:

१) आधी यादी. कोणता पीसी कुणाला काय पुरवतो? आठवडाभर फायरवॉल काहीही न अडवता चालू ठेवली आणि यशस्वी जोडण्यांचा लॉग घेतला. पीसी-पीसींमध्ये बोलणं जवळजवळ नव्हतंच. बहुतेक सगळं सर्व्हर आणि प्रिंटरकडेच जात होतं. म्हणजे आत येणारं बंद केलं तरी बहुतेकांचं काही अडत नाही.

२) सूट मोजकी. लायसन्सचा पोर्ट फक्त त्या एका पीसीवर आणि फक्त लॅबच्या पत्त्यांसाठी उघडला. त्यातला एक प्रोग्रॅम दर वेळी वेगळा पोर्ट घेत होता, तो लायसन्सच्या फाइलमध्ये पक्का केला.

३) स्वतःची वाट आधी. ॲडमिनच्या पीसीवरून रिमोट डेस्कटॉपला परवानगी, मग बाकीचं बंद. लिनक्सवर एसएसएचचा नियम विसरलात तर सर्व्हरपर्यंत पायपीट करावी लागते!

४) आधी ५ पीसी, मग एक रांग, मग सगळी लॅब. परीक्षेच्या आठवड्यात काहीही नाही.

५) प्रत्येक सुटीपुढे कारण, नाव आणि संपण्याची तारीख.

पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस या कडीने थांबत नाही, हे खरं. पण तो शेजारच्या पीसीत शिरायला गेला की दार बंद सापडतं.

तुमच्या लॅपटॉपवरही आज एक गोष्ट बघा. होस्टेलचं नेटवर्क 'प्रायव्हेट' म्हणून निवडलं असेल तर 'पब्लिक' करा. आणि गेम चालत नाही म्हणून कधीकाळी फायरवॉल बंद केली असेल, तर आता चालू करा. तीन आठवडे थांबू नका.