काउंटरवरून दिसणारी पोटं

मेडिकलच्या काउंटरवर रोज कानावर पडतं, "पोट बिघडलंय, काहीतरी द्या." ते 'काहीतरी' देताना जे कळत गेलं ते असं.

१. आधी विचारायचं, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत अँटिबायोटिक झालं का? दाढ काढल्यावर घेतलेला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचा कोर्स लोक विसरतात आणि जुलाबाचं खापर पाणीपुरीवर फोडतात. मोठ्या आतड्यातले जीवाणू आपल्याला न पचलेला चोथा आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन तेच. मीठ-पाणी शोषलं जातं तेही बरंचसं या आम्लांच्याच जोरावर. गोळ्यांनी हे जीवाणू मेले की चोथा न आंबता पडून राहतो, पाणी ओढतो, आणि माणूस संडासाच्या वाऱ्या करतो.

२. "ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या दोनच गोळ्या कापून द्या. मागच्या वेळी एकीतच थांबले होते!" एक काका रिकामी स्ट्रिप नाचवत म्हणाले. थांबले असतीलही. विषाणूंमुळे होणारे साधे जुलाब बहुतेकदा आपसूकच थांबतात, श्रेय मात्र गोळीला. हे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मी देत नाही. काका पुढच्या दुकानात गेले.

३. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात. ग्लासात चिमूट-चिमूट नाही.

४. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मीही विकतो. अँटिबायोटिक चालू असताना घेतल्या तर काहींचे जुलाब टळतात. पण २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर त्या घेणाऱ्यांचे मूळचे जीवाणू उलट उशिरा परतले. त्यामुळे "सोबत एक डबी असू द्या" असं मी आपणहून म्हणत नाही.

५. कच्ची केळी. ढाक्यात चिवट जुलाब झालेल्या लहान मुलांना भाताच्या पेजेत शिजवलेली कच्ची केळी दिली, तेव्हा ती लवकर सावरली. त्यातला बराच स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, थेट खालच्या जीवाणूंच्या वाट्याला जातो. पिकलेल्या केळ्यात तो फारसा उरत नाही.

६. नुकताच दवाखान्यातून सुटलेला रुग्ण, अँटिबायोटिक झालेलं, दिवसभर जुलाब, ताप, पोटात कळा: इथे जुलाब थांबवणारं लोपेरामाइड द्यायचं नाही, डॉक्टरकडेच धाडायचं. रिकाम्या झालेल्या जागेत क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसील हा जीवाणू माजलेला असू शकतो. तो पुन्हा पुन्हा उलटलेल्या रुग्णांवर ॲम्स्टरडॅममध्ये निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून, नाकातल्या नळीने आतड्यात सोडण्याचा प्रयोग झाला. २०१३ साली निष्कर्ष छापून आले: १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे, नुसत्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. हे ऐकून नाक मुरडणारं गिऱ्हाईक ओआरएसचं पाकीट मात्र निमूट घेतं.