खुणांच्या भाषेचा दुभाष्या

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बुद्धाची मूर्ती उपदेशाच्या मुद्रेत बसलेली आहे. तेथे हातांची एक ठेवण एक अर्थ सांगते. परंतु मुद्रा निराळी व भाषा निराळी. कर्णबधिर लोक ज्या खुणांनी बोलतात ती पूर्ण भाषा होय. 'तू कोठे राहतोस?' हा प्रश्न तीत बहुधा 'तू राहणे कोठे' अशा क्रमाने येतो. भुवया व चेहरा यांनीही अर्थ पालटतो. म्हणून तिला मराठीची नक्कल समजू नये.

मग दुभाष्या कशास हवा? घरी आई किंवा धाकटा भाऊ घरगुती खुणांनी काम चालवितो. शेतात तेवढे पुरते. पण दवाखान्यात डॉक्टर विचारतो, 'दुखणे कधीपासून?' आणि भाऊ आपल्याच मनाने उत्तर देतो. रोग्यास कोणी विचारीतच नाही. न्यायालयात ह्याहून अधिक पणास लागते. ह्यास्तव २०१३ सालच्या दुरुस्तीने साक्षीच्या कायद्यात असे ठरले की, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाष्याच्या अथवा विशेष शिक्षकाच्या साहाय्याने घ्यावा व त्याचे चित्रीकरण करावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही तोच नियम आहे.

ही विद्या कोठे मिळते? बारावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे. मुंबईस वांद्रे येथील अली यावर जंग संस्था (स्थापना १९८३) व दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र (स्थापना २०१५) येथे तो शिकविला जातो. ह्या केंद्राचा शब्दकोश २०२१ साली दहा हजार शब्दांचा झाला.

शिकणाऱ्याने तीन गोष्टी ध्यानी धराव्या.

पहिली : भाषा कर्णबधिरांच्याच सहवासात शिकावी, केवळ कोश पाठ करून ती येत नाही.

दुसरी : शब्दास शब्द न देता अर्थ पोहोचवावा, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

तिसरी : आपल्या पदरचे काही घालू नये, ऐकलेले गाळू नये, आणि तेथील गोष्ट बाहेर कोणास सांगू नये. दुभाष्या हा वाट आहे, धनी नव्हे.

विचारार्थ प्रश्न : आपल्या गावी कर्णबधिर कोण आहे? त्याच्या वतीने कोण बोलतो? त्याचे स्वतःचे म्हणणे आपण कधी विचारले आहे काय? आणि बारावी झालेला कोणता मुलगा वा मुलगी ह्या कामास पाठविता येईल?