लहानपणीच्या खेळातून स्वतःचा गेम

प्रश्न : लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमवर ‘मारिओ’ भरपूर खेळलो. आता चाळिशीत नोकरी सांभाळून तसाच एखादा गेम बनवावासा वाटतो. पण प्रोग्रॅमिंग येत नाही, आणि ही नक्कलच नाही का होणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नक्कल नाही, हा वारसा आहे. ‘हार्वेस्ट मून’ या शेतीच्या गेमच्या लहानपणापासूनच्या ओढीतून एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एकट्याने घडवला. तो २०१६ मध्ये आला. उडी मारून नाणी गोळा करण्याची कल्पना कुणीही वापरू शकतो. मात्र मारिओची चित्रं, संगीत, नाव घेऊ नका, गेम फुकट वाटणार असलात तरीही.

आधी तो जुना खेळ पुन्हा खेळा, पण बनवणाऱ्याच्या नजरेने. बटण जास्त वेळ दाबलं की मारिओ उंच उडतो. ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त रंग वेगळे. १९८५ चा तो अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये मावला होता! मर्यादेतली ही कल्पकता मला आजही थक्क करते.

प्रोग्रॅमिंगची सुरुवात ‘स्क्रॅच’ने करा; त्यात कोड लिहिण्याऐवजी पडद्यावर ठोकळे जोडायचे असतात. मग ‘गोदो’ हे गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर शिका. दोन्ही मोफत आहेत. पहिला गेम एकाच पडद्याचा ठेवा, तो पूर्ण करा आणि घरातल्या मुलांना खेळायला द्या. नोकरी मात्र सोडू नका.